होर्डिंगवरची मिसळ कोणाची?

'ताई, मी कराडची, वय २८. पुण्यात ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका स्टुडिओत चार वर्षं नोकरी केली. दिवसाला शंभर-सव्वाशे कुर्त्या. चौदा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून घरी आले. बाबांचा जुना फोटो स्टुडिओ आहे, पासपोर्ट आणि लग्नाचा. वरच्या खोलीत मी प्रॉडक्ट शूट, म्हणजे विकायच्या वस्तूंचे फोटो काढणं, सुरू केलं. दिवाळीआधी आमच्याच भागातल्या एका मसालेवाल्यांचे ४० फोटो काढले. दोन दिवस शूट, तीन दिवस एडिटिंग, १२,००० रुपये. सगळं तोंडीच ठरलं. शूटच्या दुसऱ्या दिवशी, काम संपल्यावर, उरलेल्या मसाल्याची आईने मिसळ केली, तिचा एक फोटो मी खिडकीपाशी हौसेने काढला आणि मालकांना व्हॉट्सअॅपवर टाकला. त्यांना आवडला, मोठी फाइल मागितली, मी दिली. आता तो फोटो पाकिटावर आहे आणि महामार्गावर कासेगावजवळच्या चाळीस फुटी होर्डिंगवरही. फोन केला तर म्हणाले, "पैसे दिलेत ना सगळे?" बाबा म्हणतात, सोड, गावातली माणसं आहेत. मला झोप येत नाही. मी काही मागू शकते का? दर किती लावायचा? मुंबईला जाऊ का? आणि वैशाखात लग्न ठरतंय, सासरचे विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?"' – अ., कराड

अ.,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तू येता-जाता लिहून गेली आहेस. आईने मिसळ केली, ते. त्याच्याकडे येतेच, पण आधी वाईट बातमी ऐकून घे. ती पचल्याशिवाय मालकांना काहीही लिहायचं नाही.

ते ४० फोटो त्यांचे आहेत. पाकिटावर छापोत, होर्डिंगवर लावोत, कॅलेंडर काढोत, तुला विचारायची त्यांना गरज नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, हे त्यात स्वच्छ लिहिलंय आणि आपण फोटोग्राफर तेवढंच वाचून खूश होतो. मेख पुढे कलम १७ मध्ये आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा. वेगळा करार झाला असेल तरच गोष्ट वेगळी. तुमच्यात वेगळं काही ठरलेलं नव्हतं, खरं तर काहीच ठरलेलं नव्हतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलं 'कॉपीराइट माझाच' म्हणत भांडायला जातात आणि तोंडघशी पडतात. तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा.

पुण्यातल्या कुर्त्यांचंही तेच. पगारावर असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलेलं काम मालकाचं. पोर्टफोलिओत लावायचं असेल तर जुन्या साहेबांकडून दोन ओळींचा ईमेल घेऊन ठेव. गोडीत सोडली असशील नोकरी, तर देतील.

तुझ्याकडे काय उरतं? कलम ५७. मालकी गेली तरी 'हे मी काढलंय' म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. त्याने किराणा भरता येत नाही, पण तो आहे हे माहीत असू दे.

आता मिसळ.

ती कोणी सांगितली म्हणून काढलीस? कोणीच नाही. तिचे पैसे मिळाले? नाही. बिलात ४० फोटो लिहिलेत की ४१? तू ४० म्हणतेस. म्हणजे कलम १७ मधली ती अट इथे बसत नाही आणि तो फोटो पहिल्यापासून तुझा आहे. त्यांनी मागितल्यावर मोठी फाइल तू देऊन टाकलीस, हे खरं. त्यावर बोट ठेवून ते म्हणतील, तुझी संमतीच होती. मसाला आमचा, शूटही आमचंच, हा त्यातलाच एकेचाळिसावा, असंही म्हणतील. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून अंगात आल्यासारखं जायचं नाही. पण कॉपीराइटचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कायद्याला लेखी लागतं. मालकी द्यायची असली तरी, नुसती वापराची परवानगी द्यायची असली तरी. 'काका ही घ्या फाइल 🙏' एवढ्यावर चाळीस फुटी होर्डिंग मिळालं असं म्हणायला कोणालाही जड जाईल.

आज रात्री झोपायच्या आधी एवढं कर. मिसळीची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, शोध; तिच्यात तारीख-वेळ असते. तिच्या तीन प्रती कर आणि त्यातली एक घराबाहेर ठेव. व्हॉट्सअॅपचं ते सगळं बोलणं एक्स्पोर्ट करून घे, नुसते स्क्रीनशॉट नकोत. दुकानातून एक पाकीट बिलासकट विकत आण, बॅच नंबर दिसेल असं. आणि कासेगावला जाऊन होर्डिंगचा फोटो काढ. खालच्या कोपऱ्यात जाहिरात एजन्सीचं नाव आणि फोन नंबर असतो. तिथे फोन करून सहज विचार, 'ही जागा महिन्याला कितीला पडते?' लग्नसराईच्या जाहिरातीसाठी विचारतेस असं सांग. तुझ्या बाबांचा स्टुडिओ आहे, तेव्हा ते खोटंही नाही.

हा आकडा तुला दोन कामांसाठी लागणार आहे. एक, मागायचे किती ते ठरवायला. अशा फोटोचा ठरलेला बाजारभाव आपल्याकडे नाही, कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नकोस. पण ज्या माणसाने नुसत्या लोखंडी सांगाड्याला महिन्याला अमुक इतके हजार मोजलेत, त्याला त्यावरच्या चित्राचे, समजा, एका महिन्याच्या भाड्याइतके मागितले तर ते त्याला अवाच्या सवा वाटणार नाही. पाकिटाचे वेगळे. दोन, मागताना तुझा आवाज कापू नये म्हणून.

आणि मग हे पाठव. फोनवर नाही, ईमेलने, बिल जोडून:

'नमस्कार काका. मिसळीचा फोटो पाकिटावर आणि कासेगावच्या होर्डिंगवर पाहिला, छपाई सुंदर झालीय. हा फोटो आपल्या बिलातल्या ४० फोटोंपैकी नाही. शूटनंतर मी घरी, माझ्यासाठी काढला होता आणि तुम्हाला बघायला पाठवला होता. तो वापरायला माझी काहीच हरकत नाही. वापराचं बिल सोबत जोडलंय: पाकिटासाठी दोन वर्षं, होर्डिंगसाठी सहा महिने. उन्हाळी मसाल्यांच्या शूटचं बोलायला पुढच्या आठवड्यात केव्हा येऊ?'

'चोरलात', 'न विचारता', 'कायदा' हे शब्द त्यात नाहीत, बघ. ते पहिल्या पत्रात घालायचे नसतात. 'हरकत नाही' मात्र मुद्दाम घातलंय. हरकत घ्यायचा हक्क ज्याच्याकडे असतो तोच असं म्हणतो, आणि मसाल्याचा धंदा करणाऱ्या माणसाला हे कळतं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्यांना बिल नाकारायचं असेल तर पुढच्या शूटलाही नाही म्हणावं लागेल, आणि त्यांचं पुढचं शूट तर होणारच आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वकील गाठ. पण माझा अंदाज, येईल. पूर्ण रक्कम नाही येणार. निम्मी आली तरी घे, आणि वापराच्या ओळी मात्र सही करून घे.

एवढ्या खात्रीने का सांगतेय? कारण मी नेमकं उलटं केलं होतं. २००१ साल. पुण्याजवळच्या एका पंप बनवणाऱ्यांचा कॅटलॉग केला होता, स्लाइड फिल्मवर. तेव्हा मूळ ट्रान्सपरन्सीच, म्हणजे फिल्मवरचा मूळ फोटोच, क्लायंटच्या हातात द्यायची, आपल्याकडे उरायचे पोलरॉइडचे टेस्ट, कडा वळलेले. पुढच्या वर्षी एका औद्योगिक प्रदर्शनात गेले तर त्यांच्या स्टॉलवर माझा पंप, आठ फुटी, मागून ट्यूबलाइट लावलेला. मी तिथेच, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर, आवाज चढवला. मार्केटिंगचे साहेब शांतपणे म्हणाले, 'मॅडम, चहा घ्या.' मी चहा घेतला नाही. कायद्याने मी चूक होते, ऑर्डर त्यांची होती, पैसे त्यांनी चोख दिले होते. त्यानंतर त्या एमआयडीसीतून दोन वर्षं मला फोन नाही. तो चहा मला अजून आठवतो. स्टीलच्या पेल्यात, वर साय धरलेला.

आता दर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या झोपेचं खरं कारण होर्डिंग नाही, ते १२,००० आहेत.

वही घे. घरी महिन्याला किती द्यावे लागतात? पंचवीस हजार धरू, वर्षाचे तीन लाख. कॅमेरा, दोन लेन्स, तीन लाइट, लॅपटॉप मिळून सहा लाखांचं सामान असेल, ते पाच वर्षांत जुनं होणार, म्हणजे वर्षाला १,२०,०००. वरची खोली बाबांची आहे म्हणून तू भाडं शून्य धरतेस, ते चूक. भाडं, वीज, इंटरनेट मिळून महिन्याला आठ हजार लाव, ९६,०००. सॉफ्टवेअर, विमा, सीए, हार्ड डिस्क ६०,०००. प्रवास, पेट्रोल, सामान वाहणारा पोऱ्या ६०,०००. बेरीज ६,३६,०००. आता वर्षात शूटचे दिवस किती? 'तीनशे' म्हणू नकोस. एडिटिंग, भेटी, कोटेशन, बिलांचे तगादे, पावसात गेलेली वीज, सगळं वजा जाता एकट्या माणसाला महिन्याला सहा मिळाले तरी बरं चाललंय म्हणायचं. वर्षाचे ७२. भाग दे: दिवसाला ८,८३३ रुपये.

हा तुझा दर नाही. याच्याखाली गेलीस तर पदरमोड करून काम करतेस, एवढंच हा आकडा सांगतो. मसालेवाल्यांचं शूट दोन दिवसांचं, म्हणजे ते उभं करायलाच साडेसतरा हजारांच्या वर लागले. बारा घेतलेस. उरलेले साडेपाच हजार त्यांना दिवाळीची भेट म्हणून गेले. चाळीस फुटी होर्डिंग बघून पोटात जे तुटलं ना, ते तुटलेलं आधीच होतं, तेव्हा फक्त दिसलं.

आकडे तुझे घाल, माझे नकोत. आणि ही वही बाबांना दाखव. त्यांनी उभं आयुष्य 'आठ पासपोर्टचे अमुक' या हिशेबात काढलंय, तिथे खर्च कागदाचा आणि दर प्रतीचा. तुझं तसं नाही. 'एका फोटोचे किती?' असं कोणी विचारलं तर फोटोचा भाव सांगू नकोस, तीन गोष्टी उलट विचार: कुठे वापरणार, किती दिवस, किती जागी. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी आणि पाकिटासाठी तोच फोटो, तीच मेहनत, तरी दर एक नसतो. शूटचे पैसे तुझ्या दिवसाचे, वापराचे पैसे त्यांच्या फायद्यातले. आपल्याकडची लहान गिऱ्हाइकं हे दोन भाग वेगळे ऐकून बिचकतात. बिचकू देत. कोटेशनमध्ये शूटची एक ओळ, वापराची दुसरी. दुसरी ओळ घासाघीस करून कमी झाली तरी चालेल, तिथे शून्य लिहायची वेळ आली तरी ओळ काढून टाकायची नाही.

तेच कोटेशन तुझा करार. चार पानी इंग्रजी नमुना इंटरनेटवरून उतरवू नकोस, कराडात त्यावर कोणी सही करणार नाही. एक पान, मराठीत: किती फोटो, कोणत्या तारखेला देणार, किती वेळा दुरुस्ती फुकट (मी दोनदा लिहिते, आणि 'जरा ब्राइट करा' हे एकदा धरते), वापर कुठे आणि किती काळ, फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, रॉ फाइल देणार नाही, अर्धे पैसे आधी. खाली दोघांच्या सह्या. कॉपीराइटचं ते एक वाक्य लिहिलं की कलम १७ मधला 'वेगळा करार' झाला. ते नसेल तर वर सांगितलं तेच. मोठ्या कंपन्या स्वतःचा छापील करार पुढे करतात आणि त्यात नेमकं उलटं वाक्य असतं, सगळे हक्क कायमचे त्यांचे. तिथे भांडून उपयोग नसतो, दर वाढवून सही करायची. आणि मुदत लिहायला विसरू नकोस. करारात मुदतच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

चेहरा दिसत असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी, मग ती कामगार असो की मालकाची सून. मसाला कुटणाऱ्या बाईंचा फोटो पाकिटावर गेला आणि त्यांनी काम सोडलं, की मग पाकीट बदलायची वेळ येते.

पैसे बुडण्याबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणजे अजून बुडाले नाहीत. बुडतील. लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घे, ऑनलाइन, फुकट आहे. कोणी एजंट पैसे मागितले तर त्याच्याकडे जाऊ नकोस. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सेवा देणारेही येतात, आपणही. लेखी मुदत ठरली असेल तर ती, पण ४५ दिवसांच्या वर नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ते व्याज मी आजवर कोणाकडूनही वसूल केलेलं नाही, पण बिलाच्या तळाशी उद्यम नंबर आणि ही एक ओळ छापल्यापासून अकाउंट्सवाले फोन उचलतात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आणखी एक झालंय. तुझं बिल त्या मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च आयकरात वजा धरता येत नाही. म्हणून मार्च महिन्यात तगादा लावायचा. त्यांचा सीएच मग तुझ्या बाजूने बोलतो. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली कामाला येत नाही.

जीएसटीची तुला घाई नाही, सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही. बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, गेला असेल तर तो तुझ्या पॅनवर भरलाय का ते दर तिमाहीला बघ. कापतात, भरायला विसरतात.

मुंबई. फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांचं नाव घरोघरी माहीत आहे. ते आधी रसायनशास्त्र शिकवायचे, १९७४ मध्ये 'लिंटास' या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात गेले आणि पूर्णवेळ स्वतंत्र झाले ते १९८७ मध्ये. तेरा वर्षं. आत राहून माणूस काय शिकतो? ब्रीफ, म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय याचा कागद, वाचायला, आणि खोलीतल्या सहा जणांपैकी निर्णय कोणाचा आहे ते ओळखायला. तुझ्या कुर्त्यांच्या चार वर्षांनी तुला वेग दिला, ही गोष्ट नाही दिली, कारण तिथे ब्रीफच नव्हतं. म्हणून मुंबईला जा, पण घर करायला नाही. पावसाळ्यात जा. दिवाळीच्या जाहिरातींची शूट्स जुलै ते सप्टेंबरमध्ये चालतात, तेव्हा चांगल्या फूड किंवा प्रॉडक्ट फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून तीन महिने उभी राहा. लाइटचे जड सी-स्टँड उचल, उजेड मऊ करायला बटर पेपर ताण, गप्प बस. हिरो प्लेट, म्हणजे खरी फोटोतली, यायच्या आधी डमी प्लेटवर अर्धा तास लाइट बसवत असतात, तो अर्धा तास नीट बघ. मिसळीचंच घे. फरसाण कटात पडलं की मिनिट-दोन मिनिटांत मान टाकतं, तर्री थंड झाली की तिच्यावर साय धरल्यासारखं होतं. म्हणून लाइट, फ्रेम, फोकस सगळं शिळ्या वाटीवर ठरवायचं, आणि खरी वाटी आली की गरम तर्री चमच्याने शेवटी, मग सात-आठ फ्रेम, संपलं. तू हे घरी नकळत केलंस, खिडकीचा उजेड आयता मिळाला. प्रत्येक वेळी खिडकी नसते.

पण धंदा कराडातच कर. नकाशा घेऊन बस. एका बाजूला सांगलीची हळद, दुसरीकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, खाली हुपरीची चांदी, कोल्हापुरी चपला, इचलकरंजीचे माग, किर्लोस्करवाडी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड ओतणारे कारखाने. सगळं दोन-अडीच तासांच्या आत. यातल्या बऱ्याच जणांचा माल परदेशी जातो आणि कॅटलॉगमधला फोटो मॅनेजरने मोबाइलवर काढलेला असतो, मागे फरशी दिसते. चांदीला मुंबईचा फोटोग्राफर आणतील, फौंड्रीतल्या ओतीव भागांना, कास्टिंगला, कोणी आणत नाही. मित्तर बेदी हे नाव शोधून बघ. लग्नाबिग्नांचे फोटो काढणारा माणूस, मुंबईत बसून स्वतंत्र भारतातल्या कारखान्यांचा फोटोग्राफर झाला. चिमण्या, पाइप, टाक्या. ते फोटो कंपन्यांच्या अहवालांसाठी आणि जाहिरातींसाठी काढलेले होते, आज कलादालनांत लागतात. तुझ्या घरापासून ओगलेवाडी किती लांब? तिथल्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी गावोगाव जळायचा. तो कसा बनायचा, याचे चांगले फोटो किती जणांनी पाहिलेत?

फौंड्रीत शिरताना सुती कपडे, बंद बूट, आणि पहिला दिवस कॅमेरा न काढता. ओतकाम किती वाजता होतं ते सुपरवायझरला विचार. वितळलेल्या लोखंडाचा उजेड एवढा असतो की बाकी शेड काळी पडते. तिथे तुझा एक फ्लॅश छताकडे उलटा मारून बघ.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या कुर्त्यांचं काम मात्र धरून बसू नकोस. मॉडेल, मागचं दृश्य, सावली, सगळं आता संगणक बनवून देतोय, आणि कपडेवाल्यांना ते पुरतंय. ज्याला 'हाच माल, याच कारखान्यात, याच माणसांनी केलेला' असं दाखवायचं आहे, त्याला अजून माणूस पाठवावा लागतो. किती वर्षं, ते विचारू नकोस.

लग्नाचे फोटो तू सोडलेस, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. का? तुळशीचं लग्न ते वैशाख बाबांना सीझन असतो, तुझ्या कंपन्यांचा सीझन पावसाळ्यात. दोन्ही पिकं एकाच रानात येतात. 'मी कमर्शियल आहे' म्हणून बाबांच्या हाताखाली वीस लग्नं न करण्यात कसला मोठेपणा? त्या २०-२२ दिवसांनी तुझं हप्त्यांचं ओझं उतरेल आणि मसालेवाल्यांना बाराऐवजी पंचवीस सांगताना तुझी मान ताठ राहील. दर कमी करायची सवय बहुतेक वेळा त्या महिन्याच्या हप्त्याच्या भीतीने लागते.

सासरच्यांना काय सांगायचं? पाकीट दाखव. खरंच. विकत आणलेलं ते पाकीट टेबलावर ठेव आणि म्हण, हा फोटो माझा. 'प्रॉडक्ट फोटोग्राफी' या शब्दाने ज्यांच्या डोक्यात काही येत नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात तो मसाला असेल. मग वही दाखव, आवक-जावक, उद्यमचा कागद, मागच्या वर्षाचं रिटर्न. मिळकत कमी दिसली तरी दाखव. मुलगा काय म्हणतो ते तू लिहिलेलंच नाहीस. त्याला एकदा शूटला घेऊन जा, रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा थर्माकोल, धरायला. दोन तास उन्हात थर्माकोल धरून तो कंटाळतो की विचारतो 'हा तिरका का धरायचा?', ते बघ. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी तो उलटा धरला होता, आणि अठ्ठावीस वर्षं झाली, अजून अधूनमधून धरतो.

बाबांचं 'गावातली माणसं आहेत' हे मी उडवून लावणार नाही. त्यांचा स्टुडिओ त्याच माणसांवर चाललाय. म्हणूनच ईमेलात 'काका' लिहिलंय. पण बिल पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखव, त्यांच्या अपरोक्ष जाऊ देऊ नकोस. उद्या मालक त्यांनाच बाजारात भेटतील आणि 'पोरगी बिलं पाठवायला लागली' म्हणतील. तेव्हा बाबांना 'हो, मी वाचलंय' म्हणता आलं पाहिजे.

उत्तर आलं की कळव. आणि तो फोटो किती वाजता काढलास, खिडकी कुठल्या दिशेला आहे, तेही लिही. मी होर्डिंग पाहिलं, मागच्या महिन्यात कोल्हापूरला जाताना, तुझं पत्र यायच्या आधीच. नवऱ्याला गाडी हळू घ्यायला सांगितली होती. वाटीच्या डाव्या कडेला कांद्याच्या मागून जो उजेड आलाय, तो मला अजून लागलेला नाही.